काटा हलेना! नियमित व्यायाम करूनही वजन अडकतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. दादरला माझ्याकडे येणाऱ्यांचं आणि फोनवर प्रश्न पाठवणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेकदा एकच असतं: ‘रोज चालते, जिमलाही जाते, पण दोन महिने झाले, काटा हलत नाही.’ पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खाण्यात बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

१. वजन ‘अडकलं’ असं किती दिवसांनी म्हणायचं? माझं दहा दिवस तेवढंच आहे.

दहा दिवस फार थोडे झाले. निदान चार आठवडे बघा. वजन दिवसागणिक किलो-दीड किलो वरखाली होतं आणि त्यातलं बहुतेक पाणी असतं. शनिवारी रात्री मसालेभात, पापड, लोणचं झालं की रविवारी सकाळी काटा चढलेला दिसतो. ती चरबी नव्हे, मिठाने धरून ठेवलेलं पाणी. नवीन व्यायामाने अंग दुखत असेल तेव्हाही स्नायू पाणी धरतात.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच फरशीवर वजन करा. आकडे लिहून आठवड्याची सरासरी काढा. चार आठवड्यांच्या सरासऱ्या सारख्याच येत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पाळी येणाऱ्यांनी प्रश्न १२ आधी वाचावा.

२. व्यायाम तोच, जेवण तेच. पहिल्या तीन महिन्यांत आठ किलो उतरले, मग आता का उतरत नाही?

कारण आता तुमचं शरीर आठ किलोंनी लहान झालंय. ८२ किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालला तर साधारण २८५ कॅलरी खर्च होतात. तोच माणूस ७४ किलोचा झाला की त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात २६० होतात. वाण्याकडून आठ किलो तांदूळ खांद्यावर घेऊन चालणं आणि रिकाम्या हाताने चालणं यात जो फरक, तोच. आणि हा फरक फक्त चालण्यापुरता नाही. झोपेत, बसल्या जागी, जिना चढताना, चोवीस तास शरीराचा खर्च कमी झालेला असतो.

वजनाच्या अभ्यासकांचा ढोबळ हिशोब असा: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. चरबीच्या पेशींमधून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन कमी होतं, पोटातून येणारं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि जेवण झाल्यावरही ‘अजून अर्धी पोळी’ असं वाटत राहतं. आठ किलोंचा हिशोब केलात तर खर्चाच्या बाजूलाच रोज १६० ते २४० कॅलरी कमी झाल्या. सुरुवातीला खाण्यात जी कपात केली होती, ती यात गुपचूप खर्ची पडली.

शिवाय पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा उतार थोडा फसवा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा आणि त्यातलं पाणी जातं. तो वेग पुढे टिकत नाही, कुणाचाच टिकत नाही. तुमच्याकडून काही चुकलं म्हणून काटा थांबलाय, असं समजू नका.

३. म्हणजे माझा मेटाबॉलिझम बिघडला का? की चाळिशी आली म्हणून?

‘बिघडला’ हा शब्द मला नको वाटतो. तो काटकसरी होतो. अमेरिकेतल्या एका वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हा आकडा सगळीकडे फिरतो आणि लोक घाबरतात. पण त्या माणसांनी काही महिन्यांत, अतोनात व्यायाम आणि तुटपुंज्या खाण्यावर, प्रचंड वजन उतरवलं होतं. हळूहळू सात-आठ किलो उतरवणाऱ्याच्या वाट्याला एवढी घट येत नाही.

वयाचं म्हणाल तर २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर दिसला. चाळिशीत बदलतात त्या सवयी आणि स्नायू. त्याबद्दल प्रश्न ६ आणि ७.

४. मी खरंच कमी खाते हो. तरी तुम्ही खाण्यावरच बोट का ठेवता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बहुधा पाणी असतं. म्हणून आधी हे सांगते: तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ‘आम्ही १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या लोकांचा खर्च अचूक मोजला गेला. त्यांची चयापचयाची गती व्यवस्थित होती. पण खाणं त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. प्रामाणिक माणसांचाच अंदाज एवढा चुकतो.

आपल्याकडे तो कुठे चुकतो ते मी एका पळीत पाहिलं. लालबागच्या एक ताई पोळ्या मोजून, भात वाटीने घेऊन, साखर सोडून तीन महिने तिथल्या तिथेच होत्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी फोडणीची पळी घेऊन या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्टीलची खोलगट पळी काढली, दांड्याला हळदीचा पिवळा डाग. आम्ही ती पाण्याने काठोकाठ भरली आणि मापाच्या चमच्याने रिकामी केली. एक, दोन, तीन, चार चमचे. म्हणजे २० मिली. भाजीला एक पळी, आमटीला एक, सकाळ-संध्याकाळ मिळून चार. घरात माणसं तीन. माणशी रोज २५ मिलीच्या वर तेल, सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. ताई बराच वेळ पळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची पळी आहे.’ त्यांनी पळी बदलली नाही, अर्धी भरायला लागल्या. दीड महिन्याने काटा हलला.

तुमच्या घरी हे करून बघा: तेलाची एक लिटरची नवी पिशवी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांत ती दहा दिवसांत संपली तर माणशी रोज २५ मिली झालं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे साखरेच्याच २०० कॅलरी. आणि मुलाच्या डब्यात उरलेला पराठ्याचा तुकडा, चिवडा ‘मऊ पडला का’ म्हणून घेतलेली मूठ, हे कुणी लिहून ठेवत नाही. एक आठवडा फक्त लिहा, काही बदलू नका. मग बोलू.

५. सोमवार ते शुक्रवार मी काटेकोर असतो. शनिवार-रविवार थोडं होतं, त्याने एवढा फरक पडतो?

पडतो. पाच दिवस रोज ४०० कॅलरी कमी, म्हणजे २,००० वाचल्या. शनिवारी मित्रांबरोबर दोन बिअर आणि चकणा, रविवारी दुपारी कोंबडी-वडे, संध्याकाळी चौपाटीवर पावभाजी. दोन दिवसांत गरजेपेक्षा हजार-हजार जास्त सहज होतात आणि आठवडा शून्यावर येतो. रविवारचं मटण सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. त्या दिवशी एकच जेवण मनासारखं जेवा, बाकीची रोजच्यासारखी.

६. मग व्यायाम दुप्पट केला तर?

आधी एक हिशोब. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी. ७० किलोच्या माणसाला तेवढ्या खर्च करायला भरभर सव्वा तास चालावं लागतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी बाराशे मीटरच्या आसपास धरली तर पाच फेऱ्यांपेक्षा थोडं जास्त. खाणं दोन मिनिटांचं, फेडणं सव्वा तासाचं. मनगटावरचं घड्याळ कॅलरी बरेचदा वाढवून सांगतं, त्या आकड्यावर विसंबून खाऊ नका.

मला जास्त काळजी वाटते ती व्यायाम सोडून उरलेल्या तेवीस तासांची. खाणं कमी झालं की शरीर नकळत हालचाल आवरतं. सकाळी जिममध्ये तासभर घाम गाळणारे एक गृहस्थ पूर्वी प्रभादेवीला उतरून ऑफिसपर्यंत चालत जायचे. जिम सुरू झाल्यावर ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून शेअर टॅक्सी धरायला लागले. दुपारी चहाला खाली उतरायचे, तेही बंद. त्यांच्या फोनमधली पावलं जिमच्या आधी नऊ हजार होती, नंतर साडेपाच. व्यायाम वाढला आणि हालचाल घटली.

म्हणून व्यायाम वाढवण्याआधी जुनी पावलं तपासा. एक स्टेशन आधी उतरा, फोनवर बोलताना उभे राहा, चार मजल्यांपर्यंत लिफ्ट विसरा. जुलैत पाऊस कोसळत असताना इमारतीचे जिने हेच मैदान. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. दुसरा भाग बहुतेकांच्या वेळापत्रकात नसतोच.

७. वजनं उचलायची? मी बाई आहे, अंग पुरुषी दिसेल ना?

नाही दिसणार. तसे स्नायू कमवायला पुरुषांच्या पातळीचं टेस्टोस्टेरॉन आणि वर्षानुवर्षांची मेहनत लागते. उलट नुसतं चालून आणि कमी खाऊन वजन उतरवलं की उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायू आणि इतर चरबीरहित भागाचा असू शकतो. तो वाचवायचा तर स्नायूंना काम द्यायला हवं.

जिम नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ओट्याला हात लावून दंड, पाच किलो तांदूळ भरलेली सॅक पाठीवर घेऊन पायरीवर चढउतार. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर पंधरवड्याला थोडं जड. वर्षभर एकाच दोन किलोच्या डंबेल्सनी तेच पंधरा वेळा केलंत तर शरीराला त्यात नवीन काही राहत नाही.

८. प्रथिनं वाढवा म्हणतात. आमटी रोज असते की.

आमटी पातळ असते. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, थोडा भात या जेवणात १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम ठेवावीत. ७० किलोला ८४ ते ११२. दोन आमट्यांत ती भरत नाहीत.

अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात किंवा पनीरमध्ये १८-१९. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५. घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, वाटीला ७. शेंगदाण्यांबद्दल मात्र सावध राहा: ३० ग्रॅममध्ये प्रथिनं आठच आणि कॅलरी १७०. शेंगदाण्याचं कूट भाजीत चवीपुरतं छान, प्रथिनांचा आधार म्हणून नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण वापरू नये.

९. पोळी सोडून भाकरी धरली, भात बंद केला. तरी काही नाही?

पीठ तेवढंच असेल तर कॅलरीही जवळपास तेवढ्याच. भाकरीत तंतुमय भाग जास्त, पोट भरलेलं राहतं, म्हणून ती चांगली. पण घरच्या मोठ्या भाकरीत दोन-तीन पोळ्यांइतकं पीठ जातं. मोजा. भात बंद करायची गरज नाही.

१०. श्रावणात सोमवार, गुरुवार आणि एकादशी धरते. दिवसातून दोनदाच जेवते. उपवासाने तरी उतरायला हवं.

उपवासाच्या ताटात काय आहे त्यावर ठरतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीतच. त्यात बटाटा, कूट, तूप. एका प्लेटला ४०० कॅलरींच्या पुढे सहज जातं, आणि दोन तासांनी पुन्हा भूक. वर बटाट्याचे वेफर्स. भावना मोडायला नको: ताक, दही, फळं, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी यांवर उपवास उत्तम होतो.

दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण्याच्या डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने अनेकांचं वजन उतरलं, कारण मधलं चहा-फरसाण सुटलं. त्याच दोन जेवणांत सगळं वसूल व्हायला लागलं की ती पद्धतही थांबते.

११. काटा तोच आहे, पण ब्लाऊज सैल झालाय. हे काय?

ही आनंदाची बातमी आहे. चरबी उतरतेय आणि स्नायू येतोय, विशेषतः वजनं नव्याने उचलायला लागला असाल तर. कमरेचं माप दर पंधरा दिवसांनी घ्या, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, टेप न आवळता. भारतीयांसाठी बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. आपल्याकडे बारीक हातापायांची आणि सुटलेल्या पोटाची माणसं फार, त्यामुळे कमरेचा आकडा मला काट्यापेक्षा जास्त सांगतो.

१२. पाळीच्या आधी दोन किलो वाढतात. पाळी जाण्याच्या वयात तर काही केल्या उतरत नाही.

पाळीआधीची वाढ पाण्याची असते, पाळी सुरू झाल्यावर ओसरते. म्हणून या महिन्याच्या पाचव्या दिवसाची तुलना मागच्या महिन्याच्या पाचव्या दिवसाशी करा. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं, चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, घाम आणि गरम वाफांनी झोप मोडते. या वयात प्रश्न ७ आणि ८ मधलं सगळं आधी लागू करा. झोपेचं पुढे आहे.

१३. पहाटे ४:४५ ला उठतो, जिम, मग बोरिवलीहून लोकल, रात्री बारा वाजतात झोपायला. झोपेचा वजनाशी खरंच संबंध आहे?

आहे. २०१० च्या एका लहानशा प्रयोगात त्याच लोकांना तेवढंच कमी खायला देऊन काही दिवस साडेआठ तास आणि काही दिवस साडेपाच तास अंथरुणात ठेवलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत, उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी होता. बाकीचं शरीराच्या कामाचं मांस गेलं. तुमच्या जागी मी असते तर आठवड्यातून दोन पहाटा जिम सोडून झोपले असते.

१४. आणखी कमी खाऊ का? १००० कॅलरींवर येऊ?

कृपा करून नको. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना सुमारे १,५७० कॅलरी मिळत होत्या. थकवा, चिडचिड, थंडी वाजणं आणि अन्नाशिवाय दुसरा विचार न सुचणं, अशी त्यांची गत झाली.

काटा थांबला असेल तर सध्याच्या खाण्यातून १५० ते २५० कॅलरी कमी करा. अर्धी पळी तेल, दोन चहांची साखर, बस. एका वेळी एकच बदल आणि चार आठवडे थांबा. फार महिने कपात चालू असेल तर दोन आठवडे वजन राखण्यापुरतं जेवून परत सुरू करा. ऑस्ट्रेलियात पुरुषांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशी सुट्टी घेणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं; नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसं दिसलं नाही, पण माणसाला दम खायला मिळतो.

१५. थायरॉईड असेल का? पीसीओएस आहे. एक गोळीही चालू आहे.

टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, कधी केली नसेल तर करून घ्या. थायरॉईड मंद असेल तर वजन साधारण दोन ते साडेचार किलो वाढतं, तेही मुख्यतः मीठ आणि पाणी धरल्याने. गोळी चालू आहे आणि टीएसएच आटोक्यात आहे, तर अडलेल्या काट्याचं खापर त्यावर फोडू नका. पीसीओएसमध्ये (बीजकोशांशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडात) वजन उतरायला वेळ लागतो, पण पाच टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते.

स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारांवरची काही औषधं, रक्तदाबातले काही बीटा ब्लॉकर यांनी वजन वाढू शकतं. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका; पर्याय आहे का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आणि काही दिवसांतच दोन-तीन किलो वाढले, पायांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज आली, धाप लागली, तर हे पान बंद करून डॉक्टरांकडे जा. तो वजन अडकण्याचा प्रश्न नाही.

१६. वजनाची इंजेक्शनं घेतोय, तीही थांबली वाटतं?

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइडवरही काटा एका टप्प्यावर थांबतो, कारण प्रश्न २ मधला हिशोब तिथेही लागू होतो. या औषधांनी भूक इतकी कमी होते की प्रथिनं सगळ्यात आधी सुटतात, म्हणून प्रश्न ८ तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा. एका अभ्यासात सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. बंद करायचं असेल तर डॉक्टरांबरोबर ठरवून करा.

१७. आठ महिने झाले, थकलेय. इथेच थांबले तर चालेल का?

चालेल. चेन्नईच्या संशोधकांचा भारतीय लोकांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी खाणंपिणं आणि चालणं सुधारल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. व्यायामाचा उपयोग काट्यावर दिसला नाही तरी तो होत असतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

फक्त ‘थांबणं’ म्हणजे सोडून देणं होऊ देऊ नका. दोन-तीन महिने हेच वजन राखा, जेवणात एखादी पोळी वाढवा, व्यायाम आणि प्रथिनं तशीच ठेवा. आठवड्यातून एकदा वजन करा. सरासरी दोन किलोंनी वर गेली तर पुढची तेलाची पिशवी उघडताना तिच्यावर पुन्हा तारीख लिहा.